शामरावांना आनंद होत नव्हता

लातुरात आमच्या घराशेजारी किराणा दुकान आहे. दुकानाचे मालक आप्पा लिंगायत. सकाळची पूजा झाल्याशिवाय काट्याला हात लावत नाहीत. मी चर्चचा पाळक म्हणून निवृत्त होऊन लातुरात राहायला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी साखर जोखता जोखता विचारले, "साहेब, खरं सांगा. हप्त्यातून एक दिवस, एक तास बोलायचं. बाकीचा टाइम पाळक लोक काय करतात?"

"ऐकतात," मी म्हणालो.

"काय ऐकतात?"

"लोक जे सांगतात ते."

"मग हे तर माझंच काम झालं," आप्पा म्हणाले. "मी वर साखर देतो एवढाच फरक."

फरक आणखी थोडा आहे. परंतु तो दुकानात उभे राहून सांगण्यासारखा नाही. नाताळच्या अंकासाठी संपादकांनी सेवेतील अनुभव मागितले, म्हणून येथे सांगतो. माझ्या प्रार्थनेने कोणाचा ताप उतरला, कोणाचे लग्न जमले, हे मी लिहिणार नाही. ताप उतरतात. तेथे डॉक्टरही होते.

पाळकाकडे लोक जे घेऊन येतात त्यात शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, विसंगती हा एक नित्याचा जिन्नस असतो. एका पानावर असे लिहिले आहे आणि दुसऱ्या पानावर तसे, तर खरे कोणते? विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना जिंकायचे असते. पूर्वी मी लातूरच्या मंडळीचा, म्हणजे तिथल्या चर्चच्या सभासदांचा, पाळक असताना एक तरुण अभियंता दर रविवारी उपासना संपताच अशी दोन वचने घेऊन दाराशी उभा राहत असे. उत्तर मिळाले की त्याचा चेहरा उतरे. एकदा मी सरळ "मला ठाऊक नाही" म्हणालो. त्या दिवशी त्याने मला चहा पाजला.

शामराव तसे नव्हते. त्यांना जिंकायचे नव्हते. त्यांना उत्तर हवे होते, आणि ते मिळेपर्यंत ते पंगतीला बसायला तयार नव्हते.

ही पंगत म्हणजे प्रभुभोजन. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. महिन्यातून एका रविवारी मंडळी वेदीसमोरच्या लाकडी कठड्याशी गुडघे टेकते. पाळक प्रत्येकाच्या तळहातावर भाकरीचा लहानसा तुकडा ठेवतो आणि द्राक्षरसाचा छोटा प्याला देतो. आमच्या भागात ताजी द्राक्षे बारमाही कोठून येणार? पाळकाची बायको मनुका भिजवून, उकळून, गाळून रस काढते. भोजन एवढेच. पण ख्रिस्ती माणसाच्या लेखी त्याहून मोठे जेवण नाही, आणि त्यातून वगळले जाण्याहून मोठी शिक्षा नाही.

त्या रविवारच्या आधी पाळकाने घरोघर जायचे असते. याला आम्ही तयारीची भेट म्हणतो. पाळक प्रार्थना करतो आणि घरातल्या प्रत्येक सभासदाला एकच प्रश्न विचारतो: मन साफ आहे का? उत्तर ठरलेले असते. "साफ आहे, पाळकसाहेब." मग चहा येतो. किनवटला दोन सख्खे भाऊ एका भिंतीच्या दोन बाजूंना राहत आणि त्याच भिंतीवरून वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नसत. दोघांचीही मने दर महिन्याला साफ असत. मी चहा पीत असे. शासन करायचे तर पुरावा लागतो, आणि मनाचा पंचनामा होत नाही.

माझे राहणे तेव्हा भोकरला होते. शनिवारी आगगाडीने किनवटला जायचे, भेटी घ्यायच्या, रविवारी उपासना घेऊन परतायचे. शामराव त्याच सुमारास वनखात्यातून वनरक्षक म्हणून निवृत्त होऊन किनवटच्या कडेला घर बांधून राहिले होते. उंच, वाळलेले, कमी बोलणारे. पत्नी राहेलबाई. त्या लातूरकडच्या मुलींच्या बोर्डिंगात वाढल्या होत्या. तेथे त्यांच्याकडून शास्त्रातले सर्वांत लांब स्तोत्र तोंडपाठ करून घेतले होते. एकशे एकोणिसावे. देवाचे नियम, आज्ञा, विधी किती गोड आहेत, एवढाच विषय घेऊन ते पानेच्या पाने चालते. राहेलबाई ते स्वयंपाक करताना म्हणत. इतर बायका गाणी म्हणतात तसे.

पहिल्या भेटीत मी राहेलबाईंना प्रश्न विचारला. "साफ आहे," त्या म्हणाल्या. मग शामरावांना विचारला.

"न्हाई," शामराव म्हणाले.

हे उत्तर मी तोवर कोणाकडूनही ऐकले नव्हते. मी विचारले, "कोणाशी वैर आहे?"

"न्हाई."

"दारू? काही व्यसन?"

"हात लावला न्हाई कधी."

"मग अडचण काय?"

शामरावांनी घसा साफ केला. "ते पहिलं स्तोत्र हाय बगा. त्यात धन्य माणूस कसा असतो ते सांगितलंय. त्याला देवाच्या कानूनात आनंद होतो. रात्रंदिवस तो त्याचाच विचार करतो. आता मी कानून पाळतो. चोरी न्हाई, लबाडी न्हाई. पण आनंद म्हणाल तर होत न्हाई. मग मी तो माणूस न्हाई. जो न्हाई त्यानं त्याच्या जागेवर जाऊन बसावं का?"

स्वयंपाकघरातून राहेलबाईंचा आवाज आला. "ह्यांना जेवणात बी आनंद होत न्हाई. तरी दोन टाइम जेवतात."

"तू गप."

"विचारा त्यांना. कारल्याची भाजी आन् गुलाबजाम, दोन्ही सारख्याच तोंडानं खातात."

मी नेहमीचे उत्तर दिले. प्रेषित पौल लिहितो, की नियमशास्त्राने पापाची जाणीव होते, त्याने कोणी नीतिमान ठरत नाही, आपण त्याच्या शापातून सुटलो आहोत. तेव्हा आनंद होतो की नाही याची काळजी नको. सुटका झाली हे पुरे.

शामरावांनी मान डोलावली. पुढच्या महिन्यात ते तयार होऊन बसले होते.

"पाळकसाहेब, तुमचा पौल एका पत्रात म्हणतो कानून शाप हाय. दुसऱ्यात म्हणतो अक्षर जीव घेतं. आन् तिसऱ्यात म्हणतो, मला अंतःकरणात देवाच्या कानूनाचा आनंद होतो. माझी अर्धी नोकरी कोर्टात साक्ष देण्यात गेली. जबाब फिरवणाऱ्या साक्षीदाराचं काय होतं ते मी पाहिलंय."

मी सांगितले, की स्तोत्रकर्ता नियमशास्त्र म्हणतो तेव्हा त्याच्या मनात देवाची सगळी शिकवण असते. बापाने मुलाला वाट दाखवावी तशी. पौल बहुतेक वेळा त्याच नियमांविषयी बोलतो, पण त्यांच्या जोरावर देवापुढे ताठ उभे राहू पाहणाऱ्या माणसाशी बोलतो. वाट तीच. एक जण तिच्यावरून चालतो आहे आणि दुसरा ती आपल्याच मालकीची आहे म्हणून भांडतो आहे.

"हे बरं सांगितलं," शामराव म्हणाले. मला वाटले, झाले. "पण चालणाऱ्याला आनंद होतो असं लिहिलंय. मी चालतो. मला होत न्हाई. सवाल तिथंच हाय."

राहेलबाई चहा ठेवून म्हणाल्या, "पाळकसाहेब, तुमची गाडी चुकंल. ह्यांची न्हाई चुकायची. हे स्टेशनावरच राहतात."

असे अनेक महिने चालले. शामराव नवी नवी वचने काढत. पेत्र म्हणतो, हे जू आमच्या वाडवडलांना वाहता आले नाही आणि आम्हालाही येत नाही. योहान म्हणतो, देवाच्या आज्ञा जड नाहीत. यावर शामरावांनी विचारले, "दोघांपैकी लाकडाची मोळी कोणी उचलली होती?" मी म्हणालो, दोघेही कोळी होते, जाळी ओढत. "ओलं जाळं जड असतं," शामराव म्हणाले, "पण त्यात मासे असतात."

त्यांचे दुखणे कोठून आले आहे ते मला हळूहळू कळले. नोकरीत त्यांनी जंगलात बायकांच्या डोक्यावरच्या मोळ्या उतरवल्या होत्या. कुऱ्हाडी जप्त केल्या होत्या. एकदा ते म्हणाले, "कानून बरोबर होता. न्हाई तर एक साग उभा राहिला नसता. मी कोणावर जुलूम केला न्हाई, कोणाकडून रुपाया घेतला न्हाई. पण त्या कामात आनंद होणारा माणूस मला एकच भेटला. आमचा एक साहेब. त्याला लई आनंद व्हायचा. लई वाईट माणूस होता तो."

पुढे कळले, की निवृत्तीनंतरही शामराव सकाळी उठून आपल्या जुन्या हद्दीच्या कडेपर्यंत चालत जातात आणि सागाची झाडे पाहून परततात. मला वाटले, आता सापडले. मी त्यांना म्हणालो, "शामराव, कोणी पगार देत नाही, तरी तुम्ही जाता. ज्या कायद्याने ती झाडे राखली त्या कायद्याचाच हा आनंद नाही का?"

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिले. "पाळकसाहेब, झाडांचा आनंद झाडांचा. झाड कोणाची कुऱ्हाड काढून घेत न्हाई."

माझी पत्नी हे सगळे घरी ऐकत असे. ती म्हणाली, "तुम्ही त्यांना उत्तरं देत बसू नका. एकदा जेवायला बोलवा." आम्ही बोलावले. शामरावांनी सर्व पदार्थ एकाच तोंडाने खाल्ले.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी काही जण मला म्हणत, "साहेब, देऊन टाका की. साधा माणूस आहे." मी दिले नाही. ज्याने मन साफ नाही असे स्वतः सांगितले त्याला देऊ नये, असा नियम आहे. खोटे बोलणाऱ्यांना मिळते आणि खरे बोलणाऱ्याला मिळत नाही, हे मला दिसत होते. पण खोटे बोलणाऱ्यांचा हिशेब माझ्याकडे नव्हता. शामरावांनी आपला शब्द माझ्याकडे ठेवला होता. तो मीच मोडणे मला बरे वाटले नाही. आजही वाटत नाही.

याची किंमत राहेलबाई देत होत्या. किनवटच्या मंडळीत अशी रीत आहे, की कठड्याशी नवरा-बायको जोडीने जातात. विधवा बाया शेवटी, वेगळ्या रांगेने जातात. राहेलबाई आपला चष्मा आणि पिशवी शेवटच्या बाकावर बसलेल्या शामरावांच्या हातात देत आणि विधवांच्या रांगेत जाऊन गुडघे टेकत. त्यांच्या कपाळाला कुंकू नव्हतेच. आमच्यात लावत नाहीत. पण नवी आलेली कोणी बाई विचारी, "मालक कधी वारले?" तेव्हा राहेलबाई म्हणत, "मागं बसलेत की. पिशवी सांभाळून राहिले."

लोक हसत. एका शनिवारी शामराव दळण आणायला गेले असताना त्या मला म्हणाल्या, "पाळकसाहेब, मी देवाला पोरांसाठी बी काही मागत न्हाई. एकदा ह्यांच्याबरोबर गुडघे टेकायचे हायत. एवढंच हाय." मग लगेच म्हणाल्या, "ह्यांना सांगू न्हका. न्हाई तर माझ्यासाठी खोटं बोलायचं का, म्हणून आणखी एक सवाल काढतील."

मी सांगितले नाही.

त्यानंतरच्या वर्षी राहेलबाईंना लकवा झाला. नांदेडच्या दवाखान्यात महिनाभर होत्या. जीव वाचला. उजवी बाजू आणि वाचा गेली. किनवटला परत आणले तेव्हा त्या पुढच्या खोलीत खाटेवर होत्या, डोळे मात्र पूर्वीसारखेच तीक्ष्ण.

मी भेटायला गेलो तेव्हा शामराव खाटेशेजारी लोखंडी खुर्चीवर बसून मोठ्याने वाचत होते. एकशे एकोणिसावे स्तोत्र. ते पंचनामा वाचावा तसे वाचत होते. कोठे चढ नाही, उतार नाही. राहेलबाईंचे ओठ हलत होते. एके ठिकाणी शामरावांची एक ओळ गळाली. राहेलबाईंनी डाव्या हाताचे बोट खाटेच्या पट्टीवर आपटले. शामराव मागे गेले, गळालेली ओळ वाचली आणि पुढे सरकले.

"सकाळी अन् संध्याकाळी वाचावं लागतं," ते मला म्हणाले. "न वाचलं तर जेवत न्हाई. सुरुवातीला मला कळंना, काय मागून राहिली. पाणी दिलं, कूस बदलली. मग हे पुस्तक हातात घेतलं तर गप झाली."

"रोज?"

"रोज. दुपारी मी मनात म्हणतो. न्हाई तर संध्याकाळी चुकलं की बोट आपटती. लई कडक हाय."

पहिल्या स्तोत्रातला माणूस रात्रंदिवस काय करतो हे शामरावांना माझ्यापेक्षा चांगले पाठ होते. मी ते दाखवून दिले असते, तर त्यांनी तेही परत केले असते. सागाचा अनुभव मला होता.

पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी मी पत्नीला घेऊन त्यांच्याकडे गेलो. आजाऱ्यांना आम्ही घरी जाऊन भोजन देतो. त्यासाठी एक छोटी लाकडी पेटी असते. तीत बारके प्याले, रसाची बाटली, स्वच्छ रुमाल. पत्नीने स्टुलावर रुमाल अंथरला. मी प्रार्थना केली आणि राहेलबाईंना विचारले, "मन साफ आहे का?"

त्यांनी मान हलवली. होय.

मी भाकरीचा तुकडा त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

मला वाटले गिळता येत नसेल. पत्नीने तुकडा रसात बुडवून मऊ केला. राहेलबाईंनी तोंड फिरवले आणि शामरावांकडे पाहिले. जिने लकवा होईपर्यंत एकही रविवार चुकवला नव्हता, ती बाई प्रभूचे भोजन नाकारत होती.

"घे की," शामराव म्हणाले. "पाळकसाहेब इतक्या लांबून आले. का त्रास देतीस?"

राहेलबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या.

"त्यांना काय म्हणायचंय ते तुम्हां दोघांनाही कळतंय," माझी पत्नी म्हणाली. "समजत नसल्यासारखं करू नका."

मी शामरावांकडे वळलो. मला जे करता येत होते ते एकच होते. "शामराव, मन साफ आहे का?"

त्या क्षणी शामराव "साफ" एवढा एक शब्द बोलले असते तर काम झाले असते. राहेलबाईंनी तोंड उघडले असते. बाहेर कोणाला कळले नसते, आणि मी शपथेवर सांगतो, त्या दिवशी मी त्यांना उलट विचारले नसते. शामराव खुर्चीचा दांडा धरून उभे राहिले. मग म्हणाले, "न्हाई."

मी पेटी बंद करायला हात नेला.

"थांबा," ते म्हणाले. "एक विचारायचंय. हिचं हे गाणं मी लग्नापासून ऐकतो. पण शेवट कधी ऐकला न्हवता. हिची भाकरी व्हायची, तवा उतरायचा, गाणं तिथंच थांबायचं. आता रोज वाचतो म्हणून शेवटाला पोचलो." त्यांनी पुस्तक उघडले नाही. त्यांना पाठ होते. "हा माणूस म्हणतो, तुझा कानून मधापेक्षा गोड हाय. मला तो सोन्यापेक्षा प्यारा हाय. म्हणतो, म्हणतो, म्हणतच राहतो. मला वाटायचं, हा आमच्या त्या साहेबासारखा. आन् सगळ्यात शेवटच्या ओळीत म्हणतो, मी वाट चुकलेलं मेंढरू हाय, मला हुडकायला ये. म्हंजे ज्याला एवढा आनंद होतो त्याचं बी मन साफ न्हवतं. बरोबर?"

"बरोबर."

"मग ह्याला पंगतीतून उठवला का?"

त्या शेवटच्या ओळीवर मी सेवेत अनेकदा प्रवचन केले होते. सगळी प्रवचने मेंढरांवर होती. गाणाऱ्यावर एकही नव्हते.

"नाही," मी म्हणालो. "उठवला नाही."

"का?"

"तो हुडकायला बोलावतो आहे म्हणून. जो बोलावतो त्याला उठवत नाहीत."

शामरावांनी हे तोलून पाहिले. त्यांची तोलण्याची रीत मला माहीत होती. घाई करून उपयोग नसतो. मग ते म्हणाले, "आनंदाचं काय मग?"

"आनंदाचे मला ठाऊक नाही," मी म्हणालो. "तुम्ही रोज दोन वेळा वाचता. एक ओळ गळू देत नाही."

"ती गळू देत न्हाई."

"मग तो तिचा आनंद. सध्या त्यावर चालवा."

राहेलबाईंच्या घशातून एक आवाज आला. वाचा गेल्यापासून त्यांचे हसणे मी प्रथमच ऐकले.

शामराव खाटेला लागून खाली बसले. वय झालेले, गुडघे दुखत होते. एक हात खाटेच्या पट्टीवर टेकून त्यांनी आधी एक गुडघा ठेवला, मग दुसरा. राहेलबाईंचा डावा हात त्यांच्या खांद्यावर आला. मी भाकर मोडली. राहेलबाईंनी तोंड उघडून तुकडा घेतला, पण शामरावांच्या हातावर त्यांचा तुकडा ठेवेपर्यंत आपला गिळला नाही. माझ्या पत्नीने प्याले दिले. नियम मी मोडला की पाळला, हे पंचांनी मला पुढे विचारले. मी म्हणालो, तुम्हीच ते स्तोत्र शेवटपर्यंत वाचा आणि मला सांगा. अजून कोणी सांगितलेले नाही.

राहेलबाई त्यानंतर दीड वर्ष होत्या. मी बदलीवर जाईपर्यंत दर महिन्याला पेटी घेऊन जात होतो. दर वेळी रीतीप्रमाणे विचारत होतो, मन साफ आहे का? राहेलबाई मान हलवत. शामराव "न्हाई" म्हणत आणि गुडघे टेकून हात पुढे करत.